गेंड्याची पैदास आणि प्राणिसंग्रहालये

गेंडा हा प्रचंड बळाचा प्राणी असला, तरी वंशवृद्धीच्या बाबतीत तो फार मंद आहे. मादी पंधरा-सोळा महिने गर्भ वागविते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढील वितीस बहुधा तीन वर्षे तरी लागतात. शिंगासाठी होणारी शिकार व आकसणारी अरण्ये यांनी केलेली हानी असा प्राणी लवकर भरून काढू शकत नाही. म्हणून काही गेंडे बंदिवासात सुरक्षित ठेवून त्यांची पैदास करावी, असा विचार पुढे आला. हे कार्य किती कठीण आहे, ते सुमात्री गेंड्याच्या उदाहरणावरून समजेल.

गेंड्याच्या पाच जातींपैकी ही सर्वांत लहान, दोन शिंगांची व अंगावर केस असलेली जात होय. रामब्रह्म संन्याल हे कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक असताना, इ. स. १८८९ मध्ये, तेथे या जातीचे पिल्लू जन्मले. त्यानंतर ११२ वर्षे बंदिवासातच गर्भ राहून दुसरे पिल्लू उपजून जगले नाही. इ. स. १९८४ पासून सुमारे चाळीस गेंडे पकडण्यात आले. पण त्यांपैकी बहुतेक अपत्यावाचूनच मेले. झाडपाल्यावर जगणाऱ्या या प्राण्यास वाळलेले गवत मानवले नाही. नर-मादी अवेळी एकत्र सोडल्यास झुंज होई, आणि योग्य वेळ कोणती हे कोणासच ठाऊक नव्हते.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथे डॉ. टेरी रॉथ यांनी रक्तातील संप्रेरके मोजून व श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने अंडाशय पाहून हे कोडे उलगडले. या मादीच्या अंडाशयातून समागमाखेरीज अंडे सुटतच नाही, असे त्यांना आढळले. एमी नावाच्या मादीचे गर्भ वारंवार नष्ट होत. तेव्हा तिला गर्भरक्षक संप्रेरक देण्यात आले आणि १३ सप्टेंबर २००१ रोजी ‘अंदालास’ जन्मला. पुढे २००७ मध्ये त्याला सुमात्रात पाठविण्यात आले. २०१२ मध्ये तेथील वाय कंबास अभयारण्यात तो पिता झाला.

आणखी एक गोष्ट ध्यानी आली. दीर्घकाळ नराविना राहिलेल्या मादीच्या गर्भाशयात गाठी वाढतात व ती वांझ होते. म्हणजे केवळ जिवंत ठेवणे पुरेसे नाही. विलंब हीच हानी होय. मलेशियातील शेवटचा सुमात्री गेंडा २०१९ मध्ये मेला. आज जगात ही जात शंभराहूनही कमी उरली आहे.

आपला एकशिंगी गेंडा सुदैवाने अधिक सुस्थितीत आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९५६ मध्ये त्याचे पिल्लू जन्मले. या जातीची आंतरराष्ट्रीय वंशनोंदवहीही तेथेच ठेवली जाते. निकटच्या नात्यातील जोड्या टाळण्यास ही नोंदवही उपयोगी पडते. मुंबईच्या राणीच्या बागेत एकटा राहिलेला ‘शिवा’ नावाचा नर २०१४ मध्ये जोडीसाठी दिल्लीस पाठविण्यात आला, तो याच गरजेपोटी.

तथापि १९८४ मध्ये दुधवा येथे व २००८ पासून मानस येथे पुन्हा वसविलेले गेंडे मुख्यतः रानातूनच आणलेले होते. प्राणिसंग्रहालय हे बियाण्याच्या कणगीसारखे आहे. कणगी राखावी, परंतु शेतच उरले नाही, तर बियाणे पेरायचे कोठे?