पैसे घ्यायला पिन लागत नाही गं!

अगं, मोबाइलवरून पैसे द्यायची एवढी धास्ती कशाला? वाणसामान, मुलांची फी, सासूबाईंची औषधं, सगळं तूच बघतेस ना? मग हेही जमेल.

आधी एक डोक्यात पक्कं बसव. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. जुनं कपाट विकायला काढलंस की एखादा म्हणतो, ‘ताई, फोटोवरच पसंत आहे.’ ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडतो. तो स्कॅन केलास की मोबाइल पिन मागतो. बघ, तिथेच हात आवर. आणि खरं सांगू का, घासाघीस न करता जुनं कपाट घेणारा माणूस अजून जन्मायचाय!

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं, तर हात लावू नकोस. ती पत्रिका नसते, ॲप असतं. एकदा परवानगी दिलीस की ते तुझे एसएमएस वाचतं, ओटीपीसकट. लग्न कुणाचं ते फोन करून विचार.

खरेदीसाठी खातं मात्र वेगळंच ठेव. पगार येतो ते खातं यूपीआयला जोडूच नकोस. दुसऱ्यात महिन्यापुरते पैसे टाक. गेलेच तर महिन्याचे जातील, जन्माचे नाहीत. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करून टाक. आणि पिन कुठे लिहून ठेवू नकोस बाई. मी गव्हाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता, डबा गिरणीत गेल्यावर आठवलं!

एवढं करूनही पैसे गेलेच, तर ‘घरी काय सांगू’ म्हणत बसू नकोस. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, मग बँकेला. तक्रारीचा नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत आहे बघ: ओटीपी तू स्वतः सांगितला असलास, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. आणि चूक तुझीही नाही, बँकेचीही नाही, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळव, तुला एक रुपयाही सोसावा लागत नाही. म्हणून रडायचं ते नंतर.

१९३० सासूबाईंच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून दे. व्हिडिओ कॉलवरून कुणी अटक करत नाही, वर्दीतला दिसला तरी बेलाशक फोन कापा, हेही त्यांना सांग.