जिओथर्मलच्या जोडीला बॉयलर: पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्या घरी जिओथर्मल हीट पंप आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: ऐन कडाक्यात पंप पुरा पडत नाही, मग जोडीला बॉयलर कोणता घ्यावा? ठेकेदार बहुधा ९५ टक्के कार्यक्षमतेच्या गॅस बॉयलरचं कोटेशन हातात ठेवतो. सही करण्याआधी स्वतः एक हिशेब मांडून पाहा.

समजा, मिनिॲपोलिसजवळचं घर आहे. उणे २४ अंश सेल्सिअसच्या रात्री त्याला ताशी ६०,००० बीटीयू उष्णता लागते आणि पंप ४ टनांचा, म्हणजे ताशी सुमारे ४८,००० बीटीयूचा आहे. अशा रात्री वर्षात मोजक्याच असतात. त्यामुळे हिवाळ्याची नव्वद टक्क्यांहून जास्त गरज पंपच भागवतो. वर्षाला ८ कोटी बीटीयू लागत असतील आणि त्यातला ८ टक्के वाटा बॉयलरवर आला, तर ते झाले ६४ लाख. त्यासाठी ९५ टक्क्यांचा बॉयलर साधारण ६७ थर्म गॅस जाळेल, ८४ टक्क्यांचा साधा बॉयलर ७६. थर्मला १.२० डॉलर दर धरला, तर वर्षाची बचत जेमतेम ११ डॉलर. एवढ्याशा बचतीसाठी हजार-दोन हजार डॉलर जास्त मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही गॅसचाच घ्यायचा असेल तर ९५ टक्क्यांचा, म्हणजे कंडेन्सिंग बॉयलरच घ्या, पण त्याचं कारण बचत नाही, वेगळं आहे. जिओथर्मलवर चालणाऱ्या घरात पाणी जेमतेम ५० अंशांपर्यंत तापवलं जातं. फरशीखालच्या नळ्यांतून परतताना ते आणखी कोमट होतं. गॅसच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखाली पाणी होऊ लागते आणि हे पाणी आम्लधर्मी असतं. साध्या बॉयलरला आणि त्याच्या चिमणीला ते आतून खातं. कंडेन्सिंग बॉयलर मुळात या पाण्यासाठीच बनवलेला असतो. तोच बॉयलर जुन्या बिडाच्या रेडिएटरवर ७०-७५ अंशांनी चालवला, तर वाफेचं पाणी होतच नाही आणि ९५ टक्के फक्त लेबलवर राहतात.

आता क्षमता. खरी तूट ताशी १२,००० बीटीयूची असताना एक लाखाचा बॉयलर बसवला, तर तो दर काही मिनिटांनी पेटत-विझत राहतो आणि लवकर झिजतो. पंप बंद पडला तर सगळं घर बॉयलरवर चालावं, अशी इच्छा असेल तर ६०,००० पुरेत. मात्र तो आपली आच दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणू शकतो का, हे विचारा. ठेकेदाराने घराचा उष्णताभार ‘मॅन्युअल जे’ पद्धतीने काढला आहे का, हेही विचारा. जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा आकडा उतरवून दिला असेल, तर तो माणूस बदला.

घरात गॅसची जोडणीच नसेल, तर इलेक्ट्रिक बॉयलरचा विचार आधी करा. तेच ६४ लाख बीटीयू म्हणजे सुमारे १,८७५ युनिट वीज. १५ सेंट दराने वर्षाला २८० डॉलर. गॅस फक्त ८१ डॉलरचा जळेल हे खरं, पण मीटरचा मासिक आकार बारा महिने भरावा लागेल, वर्षाची सर्व्हिसिंग वेगळी. दोन्ही धरल्यावर गॅसचा स्वस्तपणा बहुधा उरत नाही. शिवाय बसवण्यासह कंडेन्सिंग बॉयलर अनेकदा १० हजार डॉलरच्या पुढे जातो. इलेक्ट्रिक बराच स्वस्त पडतो, अर्थात पॅनेल वाढवावं लागलं नाही तर. १० किलोवॉटला २४० व्होल्टवर सुमारे ४२ ॲम्पिअर लागतात; आधी इलेक्ट्रिशियनला पॅनेल दाखवा. हिमवादळात वीज जाणारा भाग असेल तर मात्र गॅसचं पारडं जड, कारण तो बॉयलर आणि त्याचा पाण्याचा पंप छोट्या जनरेटरवरही चालतात.

सरकारी सवलतीच्या आशेवर बजेट आखू नका. जिओथर्मलवरची ३० टक्क्यांची आणि कार्यक्षम बॉयलरवरची ६०० डॉलरपर्यंतची, या दोन्ही केंद्रीय करसवलती ३१ डिसेंबर २०२५ला संपल्या. राज्याची किंवा वीज कंपनीची रिबेट आहे का, ते तेवढं पाहा.

जोडणीत एक गोष्ट लेखी घ्या: बॉयलर हीट पंपाच्या पुढे असावा, म्हणजे पंपाने तापवलेलं पाणी नंतर बॉयलरकडे जाईल. उलट जोडलं तर गरम पाणी पंपात शिरतं आणि त्याची कार्यक्षमता पडते. बॉयलर ठरावीक बाहेरच्या तापमानाखालीच सुरू होईल, असं कंट्रोलही लावून घ्या. नाहीतर सकाळी थर्मोस्टॅट दोन अंश वाढवला की गरज नसताना गॅस पेटतो.

आणि कंडेन्सिंग बॉयलर घेतलात, तर ते आम्लधर्मी पाणी बाहेर नेणारी बारीक नळी बघून घ्या. चुनखडीचे खडे भरलेल्या डब्यातून ती गटारात सोडलेली असावी. खडे झिजले की बदलावे लागतात. नळी थेट अंगणात काढली असेल तर जानेवारीत आतलं पाणी गोठतं आणि ज्या रात्री बॉयलर हवा, त्याच रात्री तो लॉक होऊन बसतो.