फ्रूट सॅलडची धास्ती कशाला?

आखाजीला नणंदा माहेरी येणार, पंगतीला वीस माणसं, आणि गोडाचं फ्रूट सॅलड तुझ्याकडे. म्हणून झोप उडालीय ना? अगं, खापरावर मांडे टाकणारी तू, कस्टर्डला काय घाबरतेस!

सासूबाई आधी विचारतील, यात अंडं असतं का गं? नसतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून १८३७ साली त्याने बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. आपल्या पुडीत मक्याचं पीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. पुडीवरचा हिरवा ठिपका दाखव, विषय मिटला.

वीस जणांना तीन लिटर दूध घे. लिटरला तीन मोठे चमचे पावडर, ती वाटीभर गार दुधातच कालव. गरम दुधात घातलीस की गुठळ्या झाल्याच. साखर जरा बेताने घाल, फळंही गोड असतात. आणि बघ, गरम असताना ते पातळ वाटेल. घाबरून आणखी पावडर ओतू नकोस, गार झालं की आपोआप दाटतं.

खरं सांगू का, फ्रूट सॅलड बिघडतं ते बहुतेक फळांमुळे. शहाद्याची पपई कितीही गोड असो, दुधात नको. कच्चा अननसही नको. त्यांच्यातली पाचक द्रव्यं दुधातली प्रथिनं फोडतात आणि सगळं पातेलं कडू होतं. अमेरिकेत १९७०च्या दशकात वॉटरगेट सॅलड फार चाललं, पिस्त्याचं पुडिंग, फेटलेली क्रीम आणि अननस. तिथे अननस डब्यातला असतो, डबाबंद करताना तापवलेला, म्हणून त्रास देत नाही. तुझ्या नणंदेला अननस हवाच असेल तर फोडी साखरेच्या पाण्यात चांगल्या उकळ, निथळ, पूर्ण गार कर. मोसंबी, संत्रं मात्र राहू दे, आंबटाने दूध फाटतं.

आपल्याकडे केळं असताना कशाची कमी गं? रावेर-यावलच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पिवळंधमक पण घट्ट केळं बघून घे, फार ठिपके पडलेलं विरघळतं. सोबत चिकू, सफरचंद, डाळिंबाचे दाणे, गोड आंब्याच्या फोडी. बाकीची फळं पंगतीआधी तासभर मिसळ. केळं मात्र अगदी वाढताना चिर, आधी चिरलंस तर काळं पडतं.

आता खरी काळजी उन्हाची. धुळ्या-जळगावच्या वैशाखात पातेलं बाहेर तासभरापेक्षा जास्त ठेवू नकोस. वीज जाते हे धरूनच चाल, परातीत बर्फ घालून त्यात पातेलं ठेव. कस्टर्ड आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये टाक, म्हणजे सकाळी तुझे हात मांड्यांना मोकळे. आणि फळं चिरायला नणंदांनाच बसव गं, त्यांनाही गप्पा हव्याच असतात.