कुत्री माजावर येते तेव्हा

चिंचणी परिसरातील पाड्यांवर कुत्री म्हणजे घराची राखण. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. सुमारे 7 ते 10 दिवस रक्त ठिपकते. ती बेचैन होते, चिडते, भटकते. हा आजार नाही. तिला मारू नका. 3 आठवडे घराजवळ सांभाळा.

पुढे पिल्ले नसतानाही थान भरते, कोपरा धरून ती गुरगुरते. हा खोटा गाभ; थान पिळू नका, बहुधा आपोआप उतरतो.

मात्र माजानंतर महिना-दोन महिन्यांत घाण वासाचा पू आला, खाणे सुटले, तहान वाढली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. उशीर जिवावर बेततो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. वेळीच नसबंदी केली, तर हा धोका टळतो.