कोटेशनमधली बिननावाची ओळ

दुकानदाराने दिलेलं ते कोटेशन मी अजून जपून ठेवलंय. नऊ ओळींचं आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय-फाइव्ह १२४००एफ, मदरबोर्ड बी६६०, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. प्रत्येकापुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल. रॅम, एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस यांचंही तसंच. एकाच ओळीत ‘एसएमपीएस ४५० वॅट’ एवढंच लिहिलंय. पुढे कंपनी नाही, मॉडेल नाही, फक्त किंमत : ११०० रुपये.

नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात जमवलेले पैसे घेऊन मी डिसेंबर २०२२मध्ये अकोल्याहून मुंबईला गेलो होतो. त्याच वर्षी सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर करणं बंद झालं होतं आणि कार्डांचे भाव माणसांच्या आवाक्यात येऊ लागले होते. मामाकडे उतरलो, सकाळी लोकलने ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर दुकानं पालथी घातली. कार्डाची मी चार ठिकाणी चौकशी केली. प्रोसेसरवर तर दोन महिने अभ्यास केला होता. पुढे काच असलेलं कॅबिनेटसुद्धा मी तीन दुकानांत पाहून, हात लावून निवडलं. एसएमपीएसबद्दल, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणाऱ्या डब्याबद्दल, मात्र एक प्रश्न विचारला नाही. दुकानदार म्हणाला, “दादा, चारशे पन्नास वॅट भरपूर होतं,” आणि मी मान डोलावली.

हिवाळाभर छान चाललं. फेब्रुवारीत एक जड गेम घेतला आणि दहा-पंधरा मिनिटं खेळलं की कॉम्प्युटर खाडकन बंद पडायला लागला. ना निळा स्क्रीन, ना एररचा मेसेज, वायर उपसल्यासारखा सरळ काळोख. मी विंडोज दोनदा टाकली. रॅम काढून पुसून लावली. मग ठरवून टाकलं की दोष कार्डातच, आणि ते वॉरंटीसाठी कुरिअरने मुंबईला पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत चिठ्ठी : दोष आढळला नाही.

त्या तीन आठवड्यांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ असा की त्याच्या आत डिस्प्ले देणारा भागच नाही. कार्ड काढलं की मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये केबल लावून काही उपयोग नाही, स्क्रीन काळाच. एफ नसलेला तोच प्रोसेसर थोडे जास्त पैसे देऊन मिळत होता. तो घेतला असता तर कार्ड काढून मशीन चालवून बघता आलं असतं आणि दोष नेमका कुठे आहे याचा अंदाज तरी आला असता. पहिलंच मशीन बांधणाऱ्याला, आणि विशेषतः सर्व्हिस सेंटर नसलेल्या गावात राहणाऱ्याला, मी आता एफ घेऊ नको असंच सांगतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “अरे, काहीतरी जळतंय!” मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघत होती. बटण बंद करून प्लग उपसला. नंतर कॅबिनेट उघडलं तेव्हा कार्डाला वीज देणारा कनेक्टर पिवळा पडून मऊ झालेला दिसला. त्या एसएमपीएसला कार्डासाठीची आठ पिनांची केबलच नव्हती. दुकानात हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या दोन वायरी जोडून, मध्ये ॲडॉप्टर घालून काम भागवलं होतं. एसएमपीएस गेला आणि जाताना साडेअकरा हजारांचा मदरबोर्ड घेऊन गेला. बोर्डावर जळाल्याची खूण असल्यामुळे वॉरंटी मिळाली नाही. कार्ड वाचलं, हे नशीब.

एसएमपीएसवरचं स्टिकर मी पहिल्यांदा वाचलं ते त्या दिवशी. तुम्ही ते विकत घेण्याआधी वाचा. त्यावर एक छोटा तक्ता असतो : ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली बहुतेक सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. माझ्या स्टिकरवर १२ व्होल्टखाली १८ अँपिअर होते. बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॅट. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० छापलं होतं, पण त्यातले निम्म्याहून जास्त वॅट मला लागणाऱ्या ठिकाणी नव्हतेच. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट घेतं आणि १२४००एफ पूर्ण ताकदीवर ११७ वॅटपर्यंत जातो. पंखे, एसएसडी, बोर्ड वेगळेच. २१६ वॅटच्या जिवावर तीनशेचं ओझं मी तीन महिने ओढत होतो. हिवाळ्यात हलक्या गेममध्ये निभावलं, उन्हाळ्यात नाही.

नंतर घेतलेल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर लिहिलेत. गुणाकार करून बघा, जवळजवळ सगळेच्या सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतात. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतो. ‘८० प्लस ब्राँझ’, ‘गोल्ड’ हे शिक्के किती वीज उष्णतेत वाया जाते ते सांगतात. आतल्या संरक्षणाची हमी ते देत नाहीत. म्हणून शिक्का बघाच, पण वॉरंटी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त आहे ना, आणि कार्डासाठीची सहा अधिक दोन पिनांची केबल एसएमपीएसमधूनच निघते ना, हेही बघा. ॲडॉप्टर लावावा लागत असेल तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाही. आणि एका कंपनीच्या सुट्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. खाच बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात पार्ट जळतात.

नवं मशीन जोडलं आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायला लागल्या. वायरमन काका आले. त्यांनी साधा शंभरचा बल्ब दोन वायरींना जोडला, आधी फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, तो लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर तार नुसती लालसर झाली. “भाऊ, भिंतीत तिसरं भोक आहे, त्याच्यामागे काहीच नाही,” काका म्हणाले. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी तार गंजून तुटत आली होती. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण, तिथे खड्ड्याची आठवण कोण ठेवणार? एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंगवाटे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर तो तुमची वाट बघत पत्र्यावर थांबतो. त्या मुंग्या म्हणजे तोच. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी तरी हे पुढच्या पगारावर ढकलू नये. बल्बची परीक्षा मात्र स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

एसएमपीएसच्या वॅटची जी गत, तीच यूपीएसचीही. माझा ६०० व्हीएचा होता. मला वाटायचं ते ६०० वॅट. प्रत्यक्षात अशा यूपीएसची ताकद ३६० वॅटच्या आसपास असते. तीनशेचं मशीन, वर मॉनिटर. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस किंचाळून बंद व्हायचा. एक केव्हीएचा घ्या आणि त्यावरचे वॅट वाचा. लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन बंद करायला पाच मिनिटं मिळाली, तरी त्याचं काम झालं.

आमच्याकडे मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो. खोलीच ४० अंशांची असेल तर कॅबिनेटमधला पंखा ४० अंशांचीच हवा आत ओढणार. पुढे अखंड काच असलेलं माझं कॅबिनेट ती हवादेखील नीट आत येऊ देत नव्हतं. प्रोसेसर आणि कार्ड मर्यादेपर्यंत तापले की स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे पैसे दिलेला वेग हातात येत नाही. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, दिव्यांची आवड असेल तर दिवे मागून घालता येतात. विदर्भात राहणाऱ्यांसाठी आणखी एक : पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका. मी सोडला होता. आमचं पाणी जड, दोन महिन्यांत कार्डाच्या हीटसिंकवर पांढरट थर धरला आणि तो धुळीसकट घट्ट बसला.

रॅम एक १६ जीबीची घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्या, आणि बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, तेव्हा बोर्ड कोणता ते आधी ठरवा. ३२००ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्याशिवाय कमी वेगाने चालू शकते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये जाऊन सेटिंग बदलेपर्यंत ६०वरच राहू शकतो. मदरबोर्ड हातात आला की झाकण उघडून सॉकेटमधल्या पिनांचा फोटो दुकानदारासमोर काढा, कारण वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही.

पार्ट कुठून घ्यायचे? भाव लॅमिंग्टन रोडवर कमी होता, पण मला प्रत्येक तक्रारीसाठी कुरिअर आणि तीन आठवडे लागले. मदरबोर्ड, कार्ड आणि एसएमपीएस शक्यतो अशा दुकानातून घ्या जिथे तुम्ही परत पायी जाऊन उभे राहू शकाल, भले हजार रुपये जास्त जावोत. जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. कच्च्या पावतीवर वाचलेला टॅक्स वॉरंटीच्या वेळी सव्याज जातो.

आता गल्लीतली मुलं कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात. मी ते खालून वर वाचतो आणि ज्या ओळीत मॉडेलचं नाव नाही तिच्यावर बोट ठेवतो. दुकानदाराने कुठे पैसे वाचवलेत ते तिथे कळतं. मागच्या रविवारी आलेला मुलगा अकरावीतला, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आणि आजीने दिलेले पैसे. कोटेशनमध्ये एसएमपीएसची ओळ माझ्यासारखीच होती. मी त्याला दुकानात न पाठवता त्याच्या घरी गेलो, वायरमन काकांना सोबत घेऊन. ज्या कोपऱ्यात तो टेबल मांडणार होता तिथल्या सॉकेटमध्ये काकांनी बल्ब धरला. तार लालसर झाली. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग बल्बकडे, आणि कोटेशनची घडी करून खिशात ठेवली. खड्ड्याचं काम येत्या गुरुवारी आहे. मीठ आणि कोळसा त्याने आणून ठेवलाय.