वाळूचा कडा का ढासळतो?

कॅडेट मित्रांनो, समुद्राच्या लाटा कडे फोडतात असे आपण भूगोलात वाचतो. खडकाच्या बाबतीत ते ठीक आहे. वाळूचा कडा मात्र फोडावा लागत नाही. लाट फक्त त्याचा पाया काढून घेते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडचे उदाहरण घेऊ. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचा हा भूभाग. त्याचे अटलांटिककडील उंच कडे वर्षाला सरासरी तीन फूट मागे हटतात. ‘सरासरी’ हा शब्द मात्र फसवा आहे. कित्येक महिने काहीच होत नाही आणि एखाद्या हिवाळी वादळात काही वर्षांची झीज एका रात्रीत होते.

उन्हाळ्यातील सौम्य लाटा वाळू वर आणून टाकतात, पुळण रुंद होते. हिवाळ्यातील उंच लाटा तीच वाळू ओढून नेतात. पाण्याखाली तिचे बांध तयार होतात. पुळण ही कड्याची ढाल. ती खचली की भरतीच्या वेळी लाट थेट पायथ्याला भिडते.

आता वर काय होते ते पाहा. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा अधिक उतार धरत नाही. ओलसर वाळू जवळजवळ उभी राहते, कारण कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. रेताड जमिनीत ज्यांनी मोर्चा खणला आहे त्यांना हे ठाऊक असेल: सकाळी उभी असलेली भिंत दुपारच्या उन्हात सुटू लागते. म्हणून तर तिला वाळूच्या पोत्यांचा आधार देतात. कडाही असाच, वादळानंतरच्या शांत, उन्हाच्या दिवशी कोसळू शकतो. सहलीला गेल्यावर त्याच्या सावलीत बसू नये.

कोसळलेला ढीग काही काळ पायथ्याचे रक्षण करतो. लाटांनी तो नेला की पुन्हा पहिल्यापासून.

सिग्नल्समध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. याच कड्यांवर वेलफ्लीट येथे मार्कोनीचे बिनतारी केंद्र होते. १८ जानेवारी १९०३ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा संदेश तेथून इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांना गेला. त्या केंद्राची बरीचशी जागा आज समुद्राने गिळली आहे. हायलँड दीपगृह वाचले, कारण १९९६ साली ते अख्खेच सुमारे ४५० फूट आत सरकवले.

भिंत का बांधली नाही, असे विचाराल. कड्यातून सुटलेली वाळू नाहीशी होत नाही. तिरक्या येणाऱ्या लाटांमुळे किनाऱ्यालगत प्रवाह तयार होतो, तो ती पुढे नेतो. प्रॉव्हिन्सटाउन गाव वसलेले केप कॉडचे उत्तर टोक अशाच वाहून आलेल्या वाळूचे बनले आहे. कडा बांधून काढला तर पुढच्या पुळणींचा पुरवठा तुटतो.