आधी गोळीची वेळ, मग तेलाची वाटी

"डॉक्टर, कापरं राहू द्या एक वेळ, पण अंग लई दुखायलंय. चोळून घेतलं तर चालंल का?" नांदेड-लातूरच्या पट्ट्यात पार्किन्सनच्या रुग्णांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. तोही बहुतेकदा तपासणी उरकल्यावर, निघता निघता. आजाराचं नाव काढलं की सगळ्यांचं लक्ष थरथरणाऱ्या हाताकडं जातं. खांदा ठणकतो, पोटरीला गोळा येतो, कंबर धरते, हे मात्र "वयाचं दुखणं" म्हणून बाजूला पडतं.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यातही खांद्यापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या, संधिवातासारख्या कळांची नोंद आहे. म्हणजे वेदना या आजाराची जुनीच सोबतीण आहे आणि तिच्याबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता प्रश्नाचं उत्तर. चोळून घेतलं तर चालेल आणि अनेकांना त्यानं आराम पडतो. पण दुखणं कोणत्या जातीचं आहे आणि ते गोळीच्या आधी वाढतं की नंतर, हे कळल्याशिवाय तेलाची वाटी हातात घेऊ नका.

दुखणं एक नव्हे

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी होतं. त्यामुळं हालचाल मंदावते आणि स्नायू कायम ताठ राहतात. डोपामिनचा वेदनेच्या जाणिवेशीही संबंध आहे; ते उतरलं की एरवी सहन होणारी कळ असह्य वाटू लागते. म्हणूनच डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपाच्या गोळीचा असर ओसरला की कित्येकांचं अंग दुखायला लागतं आणि पुढची गोळी लागू पडली की दुखणं उतरतं.

ढोबळमानानं चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, ताठरपणाचं दुखणं. मान, खांदे, कंबर, मांड्या अवघडतात. एका जागी बसून राहिलं की वाढतं, हालचाल केली की मोकळं होतं. मालिशचा खरा उपयोग इथं आहे.

दुसरा, पहाटेचा पेटका. रात्रीच्या गोळीचा असर संपलेला असतो, पायाचा अंगठा वर उचलला जातो किंवा बोटं आत वळतात, पाऊल वाकडं होतं आणि टेकवत नाही. घरातली माणसं घाबरून जोरजोरात रगडायला लागतात. रगडून हा पेटका सुटत नाही, उलट स्नायू आणखी आवळू शकतो. पाय हलक्या हातानं धरा, ऊब द्या आणि सकाळची गोळी लवकर द्या. असं रोज होत असेल तर रात्रीच्या डोसात बदल करावा लागतो. ते काम डॉक्टरांचं.

तिसरा, नस दबल्याचं दुखणं. कंबरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा. त्यासोबत पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर मालिश नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

चौथा, आग होणारं, जागा नीट सांगता न येणारं दुखणं. हे मेंदूच्या पातळीवरचं असतं. दाबून चोळल्यानं ते वाढू शकतं. औषधांत बदल हाच मुख्य उपाय.

एक गोष्ट खास खांद्याबद्दल. पार्किन्सनची सुरुवात काही जणांत आखडलेल्या खांद्यानं होते, कापरं नंतर येतं. महिनोन् महिने खांदा चोळून, शेकून, इंजेक्शनं घेऊन फरक नाही. आणि त्याच बाजूचा हात चालताना हलत नाही, सही बारीक होत चालली आहे, फोडणीचा वास येत नाही, असं काही दिसत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवा.

मालिशनं नेमकं काय होतं?

ताठ स्नायू सैल पडतो, त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, मन निवतं, झोप बरी लागते. जगभरात यावर झालेले अभ्यास लहान आहेत. जपानमधली पारंपरिक 'अनमा' मालिश असो की पाश्चात्त्य पद्धतीची, त्यांत आराम पडल्याचं दिसलं, पण तो किती दिवस टिकतो याचा भक्कम पुरावा नाही. मालिशनं आजार थांबतो किंवा मागं फिरतो, असं तर कुठंच सिद्ध झालेलं नाही.

या संदर्भात एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. या आजाराला पार्किन्सनचं नाव देणारे पॅरिसचे डॉक्टर शार्को यांना त्यांचे रुग्ण सांगत की, आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास झाला की बरं वाटतं. त्यावरून 1892 साली शार्को यांनी हादरे देणारी खुर्चीच पुढं आणली. 2012 मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी ती कल्पना नव्यानं तपासली. काही रुग्णांना खुर्चीत कंपनं दिली. काहींना तशाच खुर्चीत कंपनांविना, शांत आवाज ऐकवत बसवलं. सुधारणा दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली.

याचा अर्थ रुग्णांना वाटलेला आराम खोटा होता, असा नाही. निवांत बसणं, कुणीतरी आपल्याकडं लक्ष देणं, यालाही गुण आहे. मात्र त्यासाठी हजारो रुपयांची मसाज खुर्ची हप्त्यावर घ्यायची गरज नाही. घरातले दोन हात पुरतात.

घरी मालिश कशी करावी?

वेळ आधी ठरवा. गोळी घेतल्यावर शरीर मोकळं होतं, तो काळ निवडा. बहुतेकांना तो गोळीनंतर पाऊण-एक तासानं येतो. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यावी. दूध, डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं तिच्या शोषणाला आडवी येतात. मालिशसाठी गोळी पुढं-मागं करू नका. आणि "तेलानं बरं वाटायलंय" म्हणून ती बंद तर मुळीच करू नका. एकाएकी बंद केली तर तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि बेशुद्धी येऊन जिवावर बेतू शकतं.

तेल कोणतंही चालेल. आपल्याकडं करडईचं, तिळाचं घरात असतंच. मोहरीच्या तेलानं कातडी चुरचुरत असेल तर ते नको. गुण हाताला जास्त आहे, तेलाला कमी. तेल कोमट करा आणि आधी आपल्या मनगटावर टाकून बघा.

झोळ पडलेल्या बाजेवर मालिश करू नका. पाठ आणखी वाकते. पुढं वाकलेल्या रुग्णाला पालथं झोपवणं तर त्रासाचंच. त्यापेक्षा साध्या, न हलणाऱ्या खुर्चीवर उलटं बसवा, छाती खुर्चीच्या पाठीला टेकेल असं. मध्ये उशी द्या. मान आणि खांदे असे छान हाताशी येतात. पायांसाठी सरळ खुर्चीत बसवून पाय समोरच्या पाटावर ठेवा.

क्रम असा ठेवा: मानेच्या दोन्ही बाजू (गळ्याच्या पुढच्या भागाला हात नाही), खांदे, दंड, मनगट, मग तळहात. आखडलेली बोटं एकेक करून उघडा, ओढू नका. नंतर मांड्या, पोटऱ्या, तळपाय. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. बद्धकोष्ठानं पोट फुगून दुखत असेल तर पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, हलका हात पाच-दहा मिनिटं फिरवा. जेवणानंतर लगेच मात्र नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठतात. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर राहतो, आवाज बारीक होतो. एरवी जास्त दाब पडला की माणूस तोंड वाकडं करतो, "हळू!" म्हणतो आणि चोळणाऱ्याला कळतं. पार्किन्सनच्या रुग्णाला कळ मस्तकात गेली तरी चेहऱ्यावर रेष हलत नाही. चोळणारा समजतो, बरं वाटतंय. म्हणून आधीच खूण ठरवा: मांडीवर हातानं थाप मारली की थांबायचं. दर दोन-तीन मिनिटांनी "दाब बरोबर आहे ना?" असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या, उत्तर यायला उशीर लागतो.

मालिश झाली की तिथंच आडवं होऊन झोपू नका. दोन मिनिटं बसून सैल झालेल्या स्नायूंना काम द्या: खांदे मागं फिरवा, भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहा, आधार धरून हात वर न्या, अंगणात चार फेऱ्या मारा. गंजलेल्या बिजागरीत तेल सोडून दार हलवलंच नाही तर काय उपयोग? टिकणारा फायदा व्यायामाचा आहे. मालिश त्याची वाट सोपी करते.

इथं सांभाळा

• पार्किन्सनमध्ये उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. मालिशनंतर, वाफेनंतर, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन मिनिटं बसा, पाणी प्या, मग उठा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शेक-वाफ टाळलेलीच बरी. मालिश सकाळी उरका.

• शहाबादी फरशीवर तेलाचे चार थेंब सांडले की ती काचेसारखी होते. तळपाय कोरडे पुसल्याशिवाय रुग्णाला उभं करू नका. न्हाणीत स्टूल आणि भिंतीला दांडा बसवून घ्या. खुब्याचं हाड मोडणं मालिशच्या कुठल्याही फायद्यापेक्षा महाग पडतं.

• नातवाला पाठीवर चालायला लावणं, मान कडाकडा मोडून घेणं, हाडवैद्याकडून कंबर "बसवून" घेणं बंद. या वयात हाडं ठिसूळ असतात आणि मणका दबून मोडू शकतो.

• एकाच पायाला अचानक सूज, लाली, दुखणं आलं तर रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, लगेच दाखवा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराची मालिश नको.

• मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर गरम विटेचा किंवा पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

• मेंदूत डीबीएसचं (मेंदूला विद्युत चेतना देणारं) उपकरण बसवलं असेल तर डायथर्मीचा, म्हणजे यंत्राच्या विद्युतलहरींचा, शेक कोणत्याही परिस्थितीत नाही. उपकरणाच्या तारांमधून मेंदूला इजा होऊन मृत्यू ओढवू शकतो. फिजिओथेरपिस्टला उपकरणाचं कार्ड आधी दाखवा.

पंचकर्म आणि पुड्या

कंपवात म्हणून आयुर्वेदात या आजाराचा विचार होतो. अभ्यंग (तेलमालिश), स्वेदन (वाफ-शेक), बस्ती (एनिमा) सांगितले जातात. अभ्यंग करून घ्यायचा असेल तर पदवीधर वैद्यांकडंच जा. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी, रक्तदाब आणि साखरेची नोंद सोबत न्या.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत मात्र सावध. कवचबीजात म्हणजे खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असतो. ती औषधी आहे, यात शंका नाही. पण गोळीही चालू आणि न सांगता चूर्णही चालू, म्हणजे दुहेरी डोस. मग उलट्या, अंगाला वेडेवाकडे झोके, रक्तदाब उतरणं, भास होणं असे प्रकार सुरू होतात. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं. "मुळासकट बरा करतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आणखी एक. पित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेसाठी सिनारिझिन दिलं जातं, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. ही औषधं ताठरपणा वाढवतात, कधी कधी तर पार्किन्सनसारखी लक्षणं तीच निर्माण करतात. मेडिकलमधून आपल्या मनानं घेतलेली प्रत्येक पट्टी डॉक्टरांना दाखवा.

कुठं जायचं?

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथं तपासणीसोबतच भौतिकोपचाराबद्दलही विचारा. फिजिओथेरपिस्टकडून मालिश आणि व्यायाम घरातल्या निदान दोघांनी शिकून घ्या. सगळा भार एकट्या बायकोवर किंवा सुनेवर टाकला तर महिन्याभरात तिचीच कंबर धरते. डॉ. भीम सिंघल यांनी 2001 मध्ये मुंबईत सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण-कुटुंबांसाठी काम करतात. मित्रमंडळाच्या रुग्णांनी तर पुण्यात नृत्याचे वर्गही केले आहेत.

शेवटी एक काम आजच सुरू करा. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या रोजच्या चौकटीत तीन गोष्टी लिहा: गोळी किती वाजता घेतली, दुखणं किती वाजता आणि कुठं वाढलं, 0 ते 10 मध्ये किती होतं. मालिश केली त्या दिवशी फुली मारा. चार आठवड्यांनी फुलीच्या दिवशी आकडे उतरलेले दिसले तर मालिश चालू ठेवा; नसतील तर वेळ आणि पैसा व्यायामावर लावा. दुखणं रोज गोळीच्या आधीच चढतंय असं दिसलं, तर तेल बदलून उपयोग नाही, डोस बदलावा लागेल. तपासणीला याल तेव्हा ती पानं सोबत आणा आणि दुखण्याचा विषय निघताना दारात नाही, बसल्या बसल्या पहिल्यांदाच काढा.